न दिसणारें ओझें



पांगळ्यास वाट द्यावी, आंधळ्याचा हात धरावा, हें आपणांस शिकवावें लागत नाहीं. परंतु ज्याचें ओझें डोळ्यांस दिसत नाहीं, त्याच्याविषयीं आपण किती उतावीळपणें निवाडा करितों!

कित्येक प्रौढ स्त्रीपुरुषांच्या मेंदूची घडण जन्मतःच निराळी असते. कोणी स्वमग्न असतो, कोणाचें अवधान एका ठायीं टिकत नाहीं, कोणास वाचन-लेखन जड जातें. हा आळस किंवा उर्मटपणा नव्हे, आईबापांच्या वळणाचा दोषहि नव्हे. यांपैकीं पुष्कळजण चारचौघांसारखें दिसण्याकरितां दिवसभर आपला स्वभाव दाबून ठेवितात, आणि सायंकाळीं घरीं येतांच गळून जातात. घरचीं माणसें म्हणतात, "बाहेर तर बरा असतो!" तें बरें असणें त्यास किती महाग पडलें, हें कोणी पुसत नाहीं.

अमेरिकेंतील टेंपल ग्रँडिन ह्या बाईंचें उदाहरण मनन करण्याजोगें आहे. त्यांचा जन्म १९४७ सालचा. त्या स्वमग्न आहेत. तरुणपणीं त्यांस एकसारखी धास्ती वाटे. एका नातलग बाईंच्या गुरांच्या वाड्यांत त्यांनीं पाहिलें कीं, लस टोंचतांना दोन्ही बाजूंनीं दाबून धरिलेलीं कांहीं गुरें शांत होतात. त्यांनीं तशीच चौकट स्वतःकरितां बनविली आणि तींत त्यांस स्वस्थता लाभली. शाळेंत ती विचित्र ठरली. विज्ञानशिक्षकानें मात्र, तिनें शांति कां मिळते याचा शोध घेण्यास सांगितलें. पुढें बाईंनीं औषधाचाहि आधार घेतला, आणि पशुशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून नांव मिळविलें. आपली गरज ओळखून तिची सोय लावण्यास त्या लाजल्या नाहींत.

ज्यास असें ओझें आहे त्यानें आपली गरज मोकळेपणीं सांगावी. कामें वहींत लिहावीं, एका वेळीं एकच हातीं घ्यावें, गोंगाटानंतर थोडा एकांत घ्यावा, आणि मन फार खचल्यास वैद्यास भेटावें. इतरांनीं निरोप मोघम न देतां स्पष्ट सांगावा. सणाच्या दिवशीं बँड, फटाके व कर्णे यांच्या कोलाहलांत जो देवळाच्या दाराशींच उभा राहतो, त्यास भक्तिहीन म्हणूं नये. त्याच्याकरितां मागील बाकाचें टोंक मोकळें ठेवावें.

आपल्या देशाच्या २०१६ सालच्या कायद्यानें दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता गणिल्या आहेत. कायद्यानें हक्क मिळतो. परंतु बाकावरची जागा शेजाऱ्यानेंच सरकून द्यावयाची असते.