बलवंताची दया

(महोत्सवाच्या सायंसभेत युवकांपुढे केलेले भाषण)



आजच्या सभेसाठी जो विषय मजकडे सोपविण्यात आला आहे, तो प्रथमदर्शनी पोरकट वाटण्याचा संभव आहे. चित्रकथांत व चित्रपटांत जो महापराक्रमी नायक असतो, तो दुष्टाला पुरता लोळविल्यावरही त्याचा प्राण का घेत नाही, असा प्रश्न आपली मुले विचारतात. आपण वडीलधारी माणसे बहुधा ‘ती गोष्ट आहे, बाळ’ असे म्हणून वेळ मारून नेतो. परंतु मुलाला त्या प्रश्नाचे खरे उत्तर हवे असते. ज्याने इतक्यांस छळले त्यास जिवंत सोडणे हा न्याय कसा, हे त्यास जाणून घ्यावयाचे असते. आणि ते सांगणे आपणां सर्वांचे कर्तव्य आहे.

१९३६ साली अमेरिकेतील वर्तमानपत्रांत अवतरलेला आणि पुढे इंद्रजाल कॉमिक्सच्या द्वारे आपल्याकडील मुलांचा सोबती झालेला वेताळ घ्या, अथवा १९३८ चा सुपरमॅन व १९३९ चा बॅटमॅन घ्या. बॅटमॅनचे आईबाप त्याच्या डोळ्यांदेखत एका गुन्हेगाराच्या गोळीस बळी पडले. सूड घेण्यास याहून सबळ कारण कोणास असणार? तरीही बहुतेक कथांतून तो गुन्हेगारास धरून शासनाच्या स्वाधीन करतो. त्याचा वध करीत नाही. ह्याचे पहिले कारण अगदी साधे आहे. ज्याच्या बळास कोणीही आवर घालू शकत नाही, त्याने आरोप करणे, निवाडा देणे आणि फाशी देणे ही तिन्ही कामे एकट्याने करावयाचे ठरविले, तर त्याच्या हातून अन्याय झाल्यास दाद कोणापाशी मागावयाची? म्हणून तो आपल्या बळाला आपणच कुंपण घालतो. ते कुंपण त्याने एकदा ओलांडले, म्हणजे त्याच्यात व दुष्टात केवळ कोण अधिक बलवान एवढाच भेद उरेल.

तथापि ह्यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. बॅटमॅनचा वैरी जोकर प्रत्येक वेळी बंदिवासातून निसटतो व पुन्हा निरपराध माणसे मारतो. मग मुले म्हणतात, “त्याला पहिल्यांदाच मारले असते, तर पुढची माणसे वाचली नसती का?” दया करणारा नायक मोठा ठरतो, आणि त्या दयेचे मोल दुसरेच कोणी आपल्या रक्ताने चुकविते. हा आक्षेप मनात धरूनच आपण पुढे जाऊ.

ह्या शहरापासून दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर गोदातीरी पैठण आहे. सोळाव्या शतकात तेथे होऊन गेलेल्या संत एकनाथांची आख्यायिका आपल्या मुलखात कोणास ठाऊक नाही? नाथ गोदावरीचे स्नान करून परतत, तेव्हा एक मनुष्य त्यांच्या अंगावर थुंके. नाथ न रागावता पुन्हा नदीवर जात. हा क्रम १०८ वेळा चालला, असे सांगतात. शेवटी थुंकणाराच लाजला व नाथांच्या पाया पडला. ही इतिहासाची नोंद नव्हे, लोकांनी जतन केलेली गोष्ट आहे. परंतु लोकांनी ती जतन केली ह्यात त्यांचे मत दिसून येते. नाथ दुर्बल होते म्हणून गप्प राहिले, असे ही गोष्ट सांगणारा कोणीही मानीत नाही. थुंकणाऱ्याने आपले मन आपल्या हाती घ्यावे, हे त्यांनी घडू दिले नाही.

आपल्या श्रद्धेतही हेच चित्र आहे. गेथशेमनी बागेत पेत्राने तलवार उपसून प्रमुख याजकाच्या दासाचा कान तोडला, तेव्हा प्रभूने पेत्रास थांबविले आणि धरावयास आलेल्या त्या दासाचा कान बरा केला. देवदूतांच्या सेना मागविण्याचे सामर्थ्य आपणापाशी आहे, हेही त्याच प्रसंगी प्रभूने सांगितले. ज्यास मारता येत नाही त्याने न मारणे ही निरुपायाची गोष्ट होय. ज्यास मारता येते त्याने हात आवरला, म्हणजेच त्यास दया म्हणावयाचे.

परंतु नाथांनी सोसले ते आपल्या अंगावरचे; तेथे दुसऱ्या कोणाचा जीव गेला नव्हता. म्हणून आक्षेपाचे उत्तर अन्यत्र शोधले पाहिजे. १३ मे १९८१ रोजी रोम येथे संत पेत्राच्या चौकात पोप दुसरे जॉन पॉल ह्यांजवर मेहमत अली आगजा ह्याने गोळ्या झाडल्या. पोपमहोदय मरणाच्या दारातून परतले, आणि रुग्णालयात असतानाच त्यांनी क्षमा जाहीर केली. २७ डिसेंबर १९८३ रोजी ते रेबिबिया तुरुंगात जाऊन त्या मनुष्यापाशी बसले. तथापि भेट संपल्यावर पोपमहोदय बाहेर आले आणि आगजा आतच राहिला. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याची शिक्षा माफ केली ती २००० साली. त्यानंतरही जुन्या खुनाच्या शिक्षेसाठी त्यास तुर्कस्तानच्या तुरुंगात जावे लागले. मित्रांनो, येथे क्षमा आणि न्याय ही दोन्ही आपापल्या जागी उभी आहेत. जखम ज्याची, क्षमा त्याची. शिक्षा व लोकांचे रक्षण हे राज्याचे काम. जोकर पुन्हा पुन्हा सुटतो हा तुरुंगाच्या भिंतीचा दोष होय. भिंत पक्की बांधावी. ती कच्ची आहे म्हणून नायकाने मारेकरी होऊ नये.

मग आत कोंडलेल्या त्या माणसाचे पुढे काय? ह्याचे उत्तर आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात सापडते. केरळात जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे आदिवासी शेतकऱ्यांत राहून त्यांस सावकारी पाशातून सोडवीत होत्या. ज्यांचे नुकसान होत होते त्यांनी एका तरुणास चिथविले, आणि २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये त्याने सिस्टरांचा भोसकून वध केला. त्यास जन्मठेप झाली. २००२ साली सिस्टरांची धाकटी बहीण, त्याच संघातील सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि तिने त्या मनुष्याच्या हातास राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेस संमती दिली. २००६ साली तो सुटला, व त्या घराने त्यास आपल्या उंबरठ्याच्या आत घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया ह्यांस धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले, त्या सोहळ्यास तो मनुष्यही उपस्थित होता. वधाच्या दिवसापासून राखीच्या दिवसापर्यंत सात वर्षांहून अधिक काळ गेला होता, हे विसरू नका. शोकात बुडालेल्या आईस दुसऱ्याच दिवशी ‘क्षमा कर’ म्हणून बजावणारा उपदेशक तिच्या जखमेवर मीठ चोळतो. क्षमा मागता येते. तिची वसुली करता येत नाही.

आता कोणी म्हणेल, ही तर संतांची उदाहरणे. सामान्य राज्यकारभारात दयेस जागा कोठे? ती आपल्या महाराष्ट्रातच आहे. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसविली. मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन हे ह्या कामी त्यांचे साहाय्यक होते. कैद्यांनी भिंतीवाचून, कुटुंबासह राहावे आणि शेती करावी, असा तो प्रयोग होता. ह्याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली व व्ही. शांताराम ह्यांनी १९५७ साली ‘दो आँखे बारह हाथ’ हा चित्रपट काढला. त्यातील तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांस माळरानावर नेऊन नांगर धरावयास लावतो. चित्रपटांतील सर्व महापराक्रमी नायकांत मला तो श्रेष्ठ वाटतो. त्यास उडता येत नाही. शत्रूच्या डोळ्यास डोळा भिडवून त्याच्यावर विश्वास टाकणे, एवढेच त्याचे बळ.

आणि पाहा, ज्या पैठणात नाथ थुंकणाऱ्यास सोशीत होते, त्याच पैठणात आज राज्याचे खुले कारागृह आहे. शिक्षेचा काही काळ बंद तुरुंगात चांगल्या वर्तणुकीने घालविलेले निवडक कैदी तेथे शेती करतात. कोणास पाठवावयाचे ते पारखून ठरविले जाते. शिक्षा चालूच असते. परंतु माणसाच्या हाती पुन्हा कुदळ आणि विश्वास दिला जातो. अंध दया आणि डोळस दया ह्यांतील अंतर ते हेच.

तर मुलांस आपण उत्तर असे द्यावे: नायक दुष्टास जिवंत ठेवतो, कारण त्यास दुष्टपणाचा अंत हवा असतो, आणि मेलेला मनुष्य पश्चात्ताप करू शकत नाही. तो त्यास मोकळा सोडीत नाही, कारण दुर्बलांचे रक्षण हेही त्याचेच व्रत आहे. त्याने केलेली दया फळेलच अशी खात्री त्यास कोणी दिलेली नसते. तरीही तो ती करतो.

हे सर्व ऐकून घरी जाताना एक गोष्ट मनात असू द्या. आपल्या शहरात हर्सूल येथे मध्यवर्ती कारागृह आहे. तेथून सुटणारा मनुष्य कोणत्या तरी गल्लीत, कोणत्या तरी घरी परततो. त्याची शिक्षा न्यायालयाने मोजून दिली होती व त्याने ती भोगून संपविली. तिच्यात भर घालण्याचा अधिकार आपणांस कोणी दिलेला नाही. असा एखादा इसम रविवारी आपल्या मंदिरात शेवटच्या बाकावर येऊन बसला, तर त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू नये. त्याने ज्यांस दुखविले ते कुटुंब पुढच्या बाकावर असेल, तर त्यांच्याही दुःखास मान द्यावा आणि त्यांच्या घरी आधी जावे. हे काम अवघड आहे. उडणाऱ्या नायकांच्या कामाहूनही अवघड आहे. परंतु ते तुमच्याआमच्या हातांचे आहे. ह्या महोत्सवाच्या वर्षी आपल्या तरुणांनी त्यास आरंभ करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.