घर घेण्यापूर्वी : आधी कागद, मग विसार

(वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस वंदन करून मी माझ्या विषयाकडे वळतो. धम्मावर बोलण्याचा अधिकार असलेली मंडळी आपल्या संस्थेत पुष्कळ आहेत. मी बँकेत कारकून आहे. कर्जाच्या टेबलावर लोकांचे कागद तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे ज्या विषयात मला चार गोष्टी कळतात, तोच मी आज घेतला आहे. तो विषय म्हणजे घर घेण्यापूर्वी काय पाहावे.

घराचे मोल आपल्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना हुसकावून लावण्यात आले. त्याच बाबासाहेबांनी पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले आणि त्यात माणसांबरोबर ग्रंथांनाही प्रशस्त जागा दिली. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा माणसांत राहिले. मुंबईत घर परवडेना म्हणून आपण पश्चिम रेल्वेने वसई, नालासोपारा, विरारपर्यंत आलो. ही भूमी आपल्याला परकी नाही. सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उत्खननात उजेडात आणला आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही येथेच सापडला. पण ज्या भूमीत अशोकाने धर्माज्ञा दगडावर कोरली, त्याच भूमीत आज खोट्या कागदावर घरे विकली जातात, ही दुःखाची गोष्ट आहे.

हे मी हवेत बोलत नाही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी भागातील ४१ इमारतींचे उदाहरण आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. ती जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित होती. तिच्यावर अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतील घरे सामान्य माणसांना विकली गेली. उच्च न्यायालयाने २०२४ साली त्या पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही आणि २०२५ च्या प्रारंभापर्यंत त्या सर्व इमारती भुईसपाट झाल्या. दोन हजारांहून अधिक कुटुंबे उघड्यावर आली. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेच्या विजय नगरात रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ माणसे दगावली. तेव्हा कागद तपासणे हा केवळ पैशाचा प्रश्न नाही, तो जिवाचा प्रश्न आहे.

मग माणसे फसतात कशी? माझ्या टेबलासमोरची एक हकिगत सांगतो. एक निवृत्त कामगार फंडाचे पैसे घेऊन घर घ्यायला निघाले होते. थोडी रक्कम कमी पडत होती म्हणून कर्जासाठी आमच्याकडे आले. त्यांच्याजवळ स्टॅम्पपेपरवरचा नोटरी केलेला करार, एक घरपट्टीची पावती आणि एक वीजबिल होते. बांधकाम परवानगी नव्हती. बँकेच्या वकिलाने प्रकरण नाकारले. मी त्यांना म्हटले, "काका, हे घर घेऊ नका." ते म्हणाले, "अहो साहेब, एजंट आपल्याच समाजाचा आहे. विहारात येतो, वर्गणी देतो. तो कशाला फसवील?" त्यांनी नातेवाइकांकडून उसने घेतले आणि व्यवहार पुरा केला. चार वर्षांनी इमारतीवर पालिकेची नोटीस लागली. ते पुन्हा माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना पाणी देण्यापलीकडे काही करू शकलो नाही.

बंधू-भगिनींनो, कालाम सुत्तात तथागतांनी काय सांगितले ते आपण जयंतीच्या दिवशी ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, ती स्वतः पारखून घ्या. मग 'एजंट आपला माणूस आहे' एवढ्यावर आयुष्यभराची कमाई कशी द्यायची? आणि ध्यानात ठेवा, बँक कर्ज नाकारते तेव्हा ती तुमचा अपमान करीत नाही. पुष्कळदा ती फुकटात सावध करीत असते. 'या इमारतीला बँकेचे कर्ज होत नाही, रोख द्या किंवा बिल्डरलाच हप्ते द्या' असे कोणी म्हटले की तेथून उठावे. बँकेने कर्ज दिले म्हणून मात्र स्वतःची तपासणी सोडू नये. बँक आपल्या पैशाची काळजी घेते, आपली काळजी आपणच घ्यायची असते.

आता क्रमाने काय पाहायचे ते सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे.

पहिली गोष्ट जमिनीची. सात-बारा उतारा आणि फेरफार पाहा. जमीन कोणाच्या नावावर आहे, बिनशेती झाली आहे काय, इतर हक्कात कोणाचा बोजा किंवा दावा आहे काय, ते त्यात कळते. बिल्डर मालक नसेल तर मालकाने त्याला विकासाचे हक्क दिल्याचा नोंदणीकृत करार हवा. वकिलाकडून मागील ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. त्याची फी घराच्या किमतीच्या मानाने फार थोडी असते. जमिनीवर विकास आराखड्यात आरक्षण आहे काय, हे पालिकेच्या नगररचना विभागाकडून समजून घ्यावे. अग्रवाल नगरीच्या जमिनीवर आरक्षण होते, हे आपण आत्ताच पाहिले.

दुसरी गोष्ट बांधकाम परवानगीची. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रावर क्रमांक, तारीख आणि मजल्यांची संख्या असते. परवानगी चार मजल्यांची आणि इमारत सात मजल्यांची असेल तर वरचे तीन मजले अनधिकृत समजावेत. बिल्डरने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. तो क्रमांक घेऊन महानगरपालिकेत स्वतः खात्री करावी. दाद लागली नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ आहे. अर्जाची फी १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. घर घेण्यासाठी आपण दहा वर्षे पैसे साठवतो, मग ३० दिवस थांबायला काय हरकत आहे?

तिसरी गोष्ट महारेराची. २०१६ च्या कायद्यानुसार आपल्या राज्यात महारेरा हे प्राधिकरण २०१७ पासून काम करते. जेथे जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिका आठांपेक्षा जास्त, तेथे नोंदणीवाचून विक्री करता येत नाही. संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, पूर्णत्वाची तारीख आणि चालू दावे दिसतात. पण येथेही डोळे झाकू नका. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणात पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले. म्हणून महारेराचा क्रमांक आणि पालिकेची नोंद दोन्ही जुळल्या पाहिजेत.

चौथी गोष्ट कराराची. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. जागेचे माप कार्पेटमध्ये लिहिलेले हवे. बिल्टअप आणि सुपर बिल्टअपच्या गोष्टी ऐकून घ्याव्यात, पैसे कार्पेटचे मोजावेत. ताब्याची तारीख करारात असलीच पाहिजे, कारण ताबा वेळेवर मिळाला नाही तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क त्या तारखेवर उभा राहतो. विसाराची रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी. जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. रोख दिलेला पैसा भांडणाच्या वेळी सिद्ध करता येत नाही.

येथे तीन गैरसमज दूर केले पाहिजेत. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. घराची मालकी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तानेच येते. दुसरे, दस्त नोंदला म्हणून इमारत कायदेशीर ठरत नाही. निबंधक दस्त नोंदवतो, इमारतीची हमी देत नाही. आणि तिसरे, घरपट्टी किंवा वीजबिल हा अधिकृतपणाचा दाखला नव्हे. अनधिकृत बांधकामावरही पालिका कर आकारते.

पाचवी गोष्ट भोगवटा प्रमाणपत्राची. याबाबतीत मी स्वतःच चुकलो, ते प्रांजळपणे सांगतो. २०११ साली मी विरारला सदनिका घेतली. परवानगी पाहिली, कर्ज झाले, दस्त नोंदला. भोगवटा प्रमाणपत्राचे विचारले तेव्हा बिल्डर म्हणाला, "महिन्याभरात येईल." तो महिना अजून संपलेला नाही. आमची गृहनिर्माण संस्था झाली, पण जमीन संस्थेच्या नावावर झालेली नाही. आता मानीव अभिहस्तांतरणासाठी आम्ही सभासद खेपा घालीत आहोत. दिवसभर लोकांचे कागद तपासणारा माणूस स्वतःच्या घराच्या वेळी घाई करतो, कारण घराची ओढच तशी असते. भाडे थकलेले असते, मुलांच्या शाळेचे वर्ष सुरू होणार असते. म्हणून सांगतो, शक्यतो भोगवटा मिळालेली इमारत पाहा. तिच्यावर जी.एस.टी.ही लागत नाही.

जुनी सदनिका घ्यायची असल्यास पूर्वीच्या सर्व मालकांचे नोंदणीकृत करार साखळीने पाहावेत. एक दुवा तुटलेला असला तरी थांबावे. संस्थेचा भागदाखला, थकबाकी नसल्याचे पत्र आणि घरावर कर्ज असल्यास ते फिटल्याचा बँकेचा दाखला घ्यावा.

आता पैशाविषयी. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि एक अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. हप्ता ठरवताना हा चौथा भाग विसरू नका. समजा २५ लाखांचे घर आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, म्हणजे अडीच लाख आपले. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळून सात-आठ टक्के धरून चालावे. म्हणजे सव्वाचार ते साडेचार लाख रुपये हाताशी नसतील तर विसार देऊ नये. सदनिका महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पैसे वाचतात आणि घराची मालकी घरच्या लक्ष्मीच्या, म्हणजे कष्ट करणाऱ्या बाईच्या नावावर होते. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांना याहून अधिक काय सांगावे?

कर्ज २० लाखांचे आणि दर साडेआठ टक्के धरला, तर २० वर्षांसाठी हप्ता सुमारे १७,३५६ रुपये बसतो आणि एकूण ४१ लाख ६५ हजारांच्या घरात फेड होते. तेच कर्ज १५ वर्षांत फेडले तर हप्ता १९,६९५ रुपये, पण एकूण फेड सुमारे ३५ लाख ४५ हजार. महिन्याला २,३४० रुपये जास्त भरल्याने सव्वासहा लाखांच्या जवळपास वाचतात. व्याजाचा दर बदलता असेल तर बँक मुदतपूर्व फेडीवर दंड घेत नाही. बोनस आला की आधी कर्जात भरा.

शेवटी एक सूचना मांडतो. आपल्या अनेक घरांत आईवडिलांना करारनाम्याची भाषा कळत नाही आणि कोणाला विचारायची लाजही वाटते. वीस पानांच्या दस्तावर ते एजंटच्या बोटाखाली सही करतात. घरात कॉलेजात जाणारा मुलगा-मुलगी असते, पण त्यांना कोणी कागद दाखवीत नाही. आपल्या विहारात दर महिन्याचा एक रविवार कागद वाचण्यासाठी ठेवावा. ज्यांना घर घ्यायचे आहे त्यांनी कागदांच्या प्रती आणाव्यात. विद्यार्थ्यांनी मोठ्याने वाचाव्यात, सात-बारा आणि महारेराची नोंद संकेतस्थळावर काढावी. आपल्यातील वकील मंडळींनी शंका सांगाव्यात. मी स्वतः येईन. 'शिका' या बाबासाहेबांच्या आदेशात आपल्या आईच्या घराचा कागद वाचता येणे हेही येते, असे मी मानतो.

ते निवृत्त काका विसार देण्यापूर्वी एका रविवारी जर विहारात येऊन बसले असते, तर त्यांचा फंड वाचला असता. असा एक जरी माणूस वाचला तरी आपल्या संस्थेचे 'कल्याण' हे नाव सार्थ होईल.

 सर्वांचे मंगल होवो. जय भीम! नमो बुद्धाय!