खांद्यावरचा भार

बऱ्हाणपूरच्या केळीच्या मुलखात निंबोला हे गाव आहे. या मुलखात घड कापताना हात डोक्यावर जातो, आणि वीसेक किलोंचा घड खांद्यावरून बांधावर येतो. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्याचा खांदा चाळिशीनंतर रात्री ठणकू लागला, त्या कुशीवर निजवेनासे झाले, तरी ‘वात आहे’ म्हणून दिवस ढकलले जातात.

वास्तविक खांद्याचा सांधा उथळ असतो. फऱ्यापासून निघालेले चार स्नायू आपल्या कंडरांनी दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीत धरून ठेवतात. वय व श्रम यांनी या कंडरा झिजतात, कधी फाटतातही. मग हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते.

कंडरा फाटली म्हणजे शस्त्रक्रिया हवीच, असे मात्र नाही. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, इजेवाचून कंडरा आरपार फाटलेल्या ४५२ रुग्णांना व्यायामोपचार दिले गेले. दोन वर्षांत त्यांपैकी पाऊण हिश्शाहून अधिक जणांवर शस्त्रक्रिया झाली नाही.

उपचार साधा, पण चिकाटीचा आहे. प्रथम ओझे व डोक्यावरचे काम थांबवावे. हात मात्र झोळीत बांधून ठेवू नये, सांधा आखडतो. वाकून हात लोलकासारखा हलवावा. कळ ओसरल्यावर कोपर कुशीला टेकवून रबरी पट्टी ओढावी. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे निदान बारा आठवडे चालावे.

पडल्यावर हात एकाएकी उचलेनासा झाला, तर मात्र विलंब न करता अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे.

रोजंदारीवर जगणाऱ्याला विश्रांती परवडत नाही, हे खरे. म्हणूनच बागमालकाने त्याला काही काळ हलके काम देणे, हाही उपचाराचाच भाग होय.