आधी कानांनी, मग डोळ्यांनी

(चिखली येथे शिक्षक आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी शिक्षक नाही. वृत्तपत्रात लिहून चरितार्थ चालविणारा माणूस आहे. तथापि गेली काही वर्षे दर रविवारी सकाळी येथून जवळच्या एका गावी सातवी-आठवीच्या मुलांबरोबर पुस्तके घेऊन बसत आलो आहे. आपल्यापुढे बोलण्याचा माझा अधिकार एवढाच. आणि सांगण्यासारखे जे काही आहे, ते माझ्याच एका चुकीतून हाती लागलेले आहे.

प्रारंभी मी मला आवडलेली पुस्तके नेत असे : थोरांची चरित्रे, ऐतिहासिक कादंबऱ्या. मुले ती घरी नेत आणि पुढच्या रविवारी मी विचारीत असे, "काय वाचलंस? सांग पाहू." मागच्या रांगेतला एक मुलगा सहा आठवडे झाले तरी पुस्तक परत आणीना. एके दिवशी सर्वांदेखत मी त्याला म्हणालो, "वाचायचं नसेल तर नेतोस कशाला?" पुढच्या रविवारपासून तो यायचाच थांबला.

महिनाभराने मी त्याच्या घरी गेलो. पुस्तक देवघरात, पोथीशेजारी, लाल फडक्यात बांधून ठेवलेले होते. मुलगा ओसरीवर वडिलांना फवारणीच्या औषधाबरोबर आलेला कागद वाचून दाखवीत होता. मुंगीएवढी अक्षरे, जड शब्द. एका पंपाला किती औषध, डब्यावरच्या लाल त्रिकोणाचा अर्थ काय, हे तो ओळीवर बोट ठेवून, थांबत थांबत सांगत होता. वडिलांना वाचता येत नव्हते. याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्या घरात वाचन हा छंद नव्हता, ते जिवाच्या जोखमीचे काम होते. आणि ते काम करणाऱ्या मुलाला मी 'न वाचणारा' ठरवून मोकळा झालो होतो.

त्याने पुस्तक उघडले होते. लांबलचक वाक्ये आणि जोडाक्षरे यांत दोन पानांतच तो अडकला. परत आणावे, तर मी प्रश्न विचारणार ही धास्ती. म्हणजे माझा प्रश्नच त्याच्या आणि पुस्तकाच्या मध्ये उभा होता.

मित्रहो, अक्षरओळख आणि वाचन यांत अंतर आहे. २००५ पासून होत असलेल्या 'असर' पाहण्यांनी पाचवीतली मुले दुसरीचा उतारा वाचू शकतात का, हा साधा प्रश्न देशापुढे ठेवला. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे ध्येय धरले. यातला 'समजून' हा शब्द महत्त्वाचा. आपली मुले घरी वऱ्हाडी बोलतात. 'मले', 'तुले', 'काहून' म्हणणाऱ्या लेकराला पुस्तकातली मराठी ही पहिल्या दिवशी परक्या गावासारखी वाटते. तिथे त्याचा हात धरून कोणी चालले नाही, तर ते वेशीवरूनच परत फिरते. त्याच्या बोलीला हसू नये, हा वाचनाचा पहिला धडा मुलांसाठी नसून आपल्यासाठी आहे.

हात धरायचा म्हणजे काय करायचे? याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. दर १२ जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जमतो. जिजाऊंनी बाल शिवबांना रामायण-महाभारतातल्या कथा सांगितल्या, असे परंपरा सांगते आणि आपणही अभिमानाने सांगतो. पण जरा लक्ष द्या : त्या माउलीने कथा ऐकवल्या, पाठ म्हणून घेतल्या नाहीत. शेगावच्या या जिल्ह्यात 'श्रीगजाननविजय' ग्रंथाच्या २१ अध्यायांचे पारायण कितीतरी घरांत होते. एक वाचतो, घर ऐकते. निरक्षर आजीलाही कोणत्या प्रसंगानंतर काय येते ते ठाऊक असते. सामूहिक वाचनाची एवढी मोठी शाळा आपल्या माजघरात भरत आली आहे. मात्र एक सावधगिरी हवी. ओठ हलत आहेत आणि अर्थ पोहोचत नाही, असेही पारायण असते. आणि आपल्या अनेक वर्गांतले प्रकट वाचन दुर्दैवाने तसेच असते.

मी पद्धत बदलली. प्रश्न विचारणे सोडले. आल्याबरोबर वीस मिनिटे मीच वाचू लागलो आणि गोष्ट रंगात आली की पुस्तक मिटून खाली ठेवू लागलो. पुढे काय झाले, हे ज्याला राहवत नसे तो ते उचलून नेई. जाड ग्रंथ बाजूला ठेवून बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक नेले. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाने मराठी मुलांवर केवढे उपकार केले आहेत! तो मुलगा परतला. मी त्याची क्षमा मागितली, तीही सर्वांदेखत. तीन महिन्यांनी एक गोष्ट त्याने आपण होऊन सर्वांना वाचून दाखविली.

अकरावीत गेल्यावर त्याच्या हाती सदानंद देशमुखांची 'बारोमास' दिली. देशमुख सर याच चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून-सवरून नोकरी न मिळालेला एकनाथ आणि त्याचे शेतकरी घर वाचून हा मुलगा म्हणाला, "सर, हे तं आमच्याच घरचं हाये." मेहकरात वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे यांनाही 'खूणगाठी'साठी १९८६ साली हाच सन्मान लाभला होता. आपल्या मातीतून एवढे मोठे साहित्य आले, हे येथील किती मुलांना आपण सांगतो?

सर्वांच्या बाबतीत असेच घडले, असा माझा दावा नाही. एक हुशार मुलगी आईवडिलांबरोबर कामाला परजिल्ह्यात गेली. तिने नेलेले पुस्तक परत आले नाही. ते तिच्याजवळ असावे, एवढीच इच्छा आहे.

जाता जाता एक विनंती. अनेक शाळांत पुस्तकांचे कपाट असते आणि त्याला कुलूप असते. पुस्तक हरवले तर भरून कोण देणार, ही शिक्षकांची भीती खोटी नाही. म्हणून संस्थाचालकांनी आणि पालकांनीच सांगावे, की वर्षाकाठी दहा पुस्तके फाटली-हरवली तर ती आम्ही देऊ. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयशास्त्राचे पहिले सूत्र म्हणून मांडून ठेवले आहे. आणि पालकहो, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होईलच. पण आज रात्री जेवणे आटोपल्यावर दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी बाजूला ठेवून घरातल्या एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. मुलाला त्यावर काहीही विचारू नये.

देवघरातले ते लाल फडके मला अजून दिसते. पुस्तकाविषयीचा आदर आपल्या समाजात उदंड आहे. त्याची गाठ सोडून पुस्तक लेकराच्या हाती देण्याचे काम तेवढे आपले आहे.