आवाज येण्याआधी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोला." माझं काम सॉफ्टवेअरचं. त्यावर दहा मिनिटं बोलले तर निम्मी मंडळी जेवणाच्या मांडवात दिसतील. म्हणून मी आईच्या खुब्याबद्दल बोलणार आहे. मघाशी पाया पडताना आपल्या दोन शिक्षकांनी खुबा बदलल्याचं सांगितलं, तेव्हा विषय अगदीच परका नाही.

बाबा यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तेलाची कुपी कायम हाताशी. ते म्हणायचे, "आवाज आल्यावर तेल देतो तो शिकाऊ. आवाज येण्याआधी देतो तो जॉबर." मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले, झीज आणि वंगण हा विषय परीक्षेपुरता शिकले आणि पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेले. बाबांचं वाक्य मात्र खरं कळलं ते आईच्या आजारपणात.

शाळेत आपण उखळीचा सांधा शिकलो. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत फिरतो. दोन्हींवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर आणि मध्ये थोडासा चिकट द्रव. चालताना या सांध्यावर आपल्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, तरीही तिथलं घर्षण बर्फावर बर्फ घसरावा त्याहून कमी. भार आला की कूर्चेतल्या पाण्यावर दाब येतो आणि ते पाणीच बराचसा भार पेलतं. सांध्यासाठी एवढं चांगलं बेअरिंग माणसाला अजून बनवता आलेलं नाही.

कृत्रिम सांध्यात धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा असतो आणि बहुतेक वेळा पॉलिथिनची वाटी. शस्त्रक्रियेनंतर शरीर तिथे पुन्हा द्रव तयार करतं. पण तो दोन पृष्ठभागांना पूर्ण वेगळं ठेवू शकत नाही. पाऊल टाकलं की कुठेतरी घासतंच. एका पायाची वर्षाला सुमारे दहा लाख पावलं धरतात. जुन्या पद्धतीची वाटी वर्षाला साधारण 0.1 मिलिमीटर झिजायची. ऐकायला किरकोळ वाटतं ना?

पण वाटी झिजून भोक पडण्याची भीती कमीच. खरा प्रश्न, झिजलेलं जातं कुठे, हा आहे. मागावरची वळकटी तेलात मिसळते, फडक्याने पुसता येते. शरीरात फडकं नाही. मायक्रॉनहूनही बारीक कण शरीरातल्या पेशी गिळतात. ते पचत नाहीत. मग त्या पेशी अशी रसायनं सोडतात की आजूबाजूचं हाड हळूहळू विरघळायला लागतं आणि शेवटी सांधा सैल होतो. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं, आणि दुखत मात्र काहीच नाही.

जॉन चार्नली या इंग्रज सर्जनला हा धडा महागात पडला. त्यांनी 1958च्या सुमारास टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. घर्षण अगदी कमी, पण झीज भयंकर. शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. 1962मध्ये ते पॉलिथिनकडे वळले आणि आजचा सांधा जन्माला आला. 1990च्या दशकाअखेर किरणोत्साराने रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंफलेलं पॉलिथिन आलं, झीज कितीतरी पटींनी कमी झाली.

मध्येच धातूवर धातू हा प्रयोग झाला. मोठा गोळा, मध्ये द्रवाचा पातळ थर, म्हणजे झीज जवळपास नाहीच, असं गणित होतं. पण वाटी जरा तिरकी बसली की भार काठावर येतो, थर तुटतो आणि कोबाल्ट, क्रोमियम रक्तात उतरतं. डीप्यू कंपनीने आपला एएसआर सांधा ऑगस्ट 2010मध्ये जगभरातून परत घेतला. भारतात त्याच्या सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. पुढे केंद्राने समिती नेमली, तेव्हा बहुतेक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. कुठलं व्हर्जन कोणाकडे चालू आहे याची नोंद नसणं आमच्या धंद्यात अक्षम्य मानतात. स्वीडनमध्ये खुब्यांची अशी नोंदवही 1979पासून आहे.

आता आईकडे येते. तिचा खुबा 2009मध्ये बदलला. पॉलिथिनचाच होता. ती पुन्हा चालत गड्ड्याच्या यात्रेला जायला लागली आणि आम्ही सगळं विसरलो. चौदा वर्षांनी मांडी ठणकायला लागली. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी विचारलं, "मधला एखादा एक्स-रे आहे?" नव्हता. वाटीमागचं हाड पोखरलं गेलं होतं. "ठरावीक काळाने एक्स-रे काढून दाखवणे," असं डिस्चार्जच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ती फाईल मीच कपाटात ठेवली होती. झीज शिकलेली मुलगी घरात असून आईला पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, हाडाचं रोपण आणि तीन महिने वॉकर सोसावा लागला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बाबा असते तर बोलले असते.

त्याच फाईलमध्ये सांध्याचं स्टिकर सापडलं. त्यावर कंपनी, माप, क्रमांक सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, यामुळे निम्मं काम सोपं झालं.

म्हणून दोनच विनंत्या. सर, बाई, आणि आता पन्नाशीकडे निघालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, घरात कोणाचा खुबा किंवा गुडघा बदललेला असेल तर घरी गेल्यावर फाईल काढा. स्टिकर आहे का बघा, त्याचा फोटो मुलांच्या मोबाईलमध्ये ठेवा. आणि काही दुखत नसलं तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला एक्स-रे काढून घ्या.

दुखणं म्हणजे मागाचा आवाज. तोपर्यंत थांबू नका.

चला, जेवण थंड होतंय.