माप आपल्या हातीं ठेवा

(गांवकऱ्यांच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आम्ही कोणास उपास करा म्हणून सांगण्यास उभे राहिलों नाहीं. उपासांची आपल्या घरीं उणीव नाहीं. एकादशी झाली कीं चतुर्थी, चतुर्थी झाली कीं श्रावणी सोमवार. पण 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच आयाबायांच्या तोंडची आहे. साबुदाण्याची खिचडी, तळलेले पापड, शेंगदाण्याची आमटी! रोजच्या भाकरीहून हा फराळ पोटास जड. श्रावणांत दारू सोडावयाची म्हणून आषाढी अमावास्येच्या रात्रीं महिन्याची पिऊन घेणारा मनुष्य संयमी म्हणावा कीं पंचांगाचा गडी? पंचांग पाहून सोडलेली वस्तु पंचांग पाहूनच घरांत परत येते. आम्ही सांगतों तो संयम रोजचा, आणि त्याचें माप आपल्याच हातीं.

प्रथम चहा घेऊं. उठल्याबरोबर चहा, न्याहरीला चहा, पाहुणा आला कीं चहा, दिवस मावळतां चहा. कपास दोन चमचे साखर धरली तर चार कपांची ४० ग्रॅम होते. पांच माणसांच्या घरांत वर्षाला ती ७३ किलो भरते! बियाण्याचा आणि खताचा हिशेब आम्ही ठेवतों, पण हा हिशेब कोणी मांडीत नाहीं.

याहून मोठें नुकसान घरच्या कारभारणीचें. ती सर्वांस वाढून शेवटीं उरलेलें खाते, आणि कांहीं उरलें नाहीं तर घोटभर चहावर वेळ मारून नेते. चहानें भूक मरते. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नांतील लोह अंगीं पुरतें लागूं देत नाहीं. २०१९ ते २०२१ या सालांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत ५४ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. अशा माउलीस 'कमी खा' म्हणणें हा अन्याय आहे. तिनें सर्वांबरोबर बसून पोटभर जेवावें आणि पुरुषांनीं आपला हात आवरावा, हाच त्या घरचा संयम. चहा दिवसांतून दोनदां पुरे, तोहि जेवणापासून तासभर दूर.

आतां मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, मोठ्या माणसानें दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावें. म्हणजे सपाट एक लहान चमचा; लोणचें, पापड, फरसाण सर्व त्यांतच आलें. या मापानें पांच माणसांच्या घरांत किलोची पिशवी निदान ४० दिवस पुरली पाहिजे. पिशवी फोडाल त्या दिवशींची तारीख तिच्यावर लिहा आणि स्वतः पाहा. दुसऱ्या कोणास विचारावयास नको. जास्त मिठानें रक्तदाब चढतो. तो बहुधा दुखत नाहीं, म्हणून कळत नाहीं. आणि एके दिवशीं अर्धांग होऊन कमावता हात लुळा पडतो. मग दवाखान्यापायीं जमीन गहाण पडते.

तंबाखू, मशेरी आणि दारू यांना मात्र 'थोडी चालेल' हें माप लावूं नका. तंबाखूचें माप शून्य. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. पण गालांत धरलेली गोळी काढावयास सरकार येत नाहीं, ती आपणच थुंकावी लागते. दारूविषयीं आम्ही नवें कांहीं सांगत नाहीं. १८८० सालीं पुणे नगरपालिकेचे सभासद असतांना जोतीराव फुले यांनीं दारूच्या दुकानांस विरोध केला होता. आपल्या घामाचा पैसा कोठें जातो, हें त्यांनीं तेव्हांच ओळखलें होतें.

म्हणून बंधूंनो, यासाठीं मुहूर्त काढूं नका आणि नवसहि बोलूं नका. आज रात्रीं घरीं जा, मिठाच्या पिशवीवर तारीख घाला, साखरेचा एक चमचा कमी करा, आणि घरच्या बाईचें ताट आपल्या ताटाशेजारीं मांडा. येवढें झालें तरी हें भाषण कारणीं लागलें, असें आम्ही समजूं.

सत्यमेव जयते.