ऊसतोड कामगार आणि आपले सामायिक दायित्व



शंभर वर्षे मराठी ग्रंथांचे जतन करणाऱ्या या वास्तूत, ज्यांच्या हाती ग्रंथ क्वचितच पडतो अशा मराठी माणसांविषयी बोलण्याची मी आपली अनुज्ञा मागतो.

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि बीड व भोवतालच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि आपल्या बेळगाव परिसरातही येतात. नवराबायकोच्या जोडीला व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात; माणसाची ओळख हत्यारात विरून जाते. मुकादमाची उचल फिटेपर्यंत ही जोडी बांधलेली असते. काम चुकले की खाडा, आणि खाड्याचा दंड. 2019 साली बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा शासनाला चौकशी समिती नेमावी लागली.

याचे उत्तरदायित्व कोणाचे? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम उचलीच्या हिशेबाकडे. एका राज्याला ही माणसे गेलेली वाटतात, दुसऱ्याला आलेली.

कायद्याने ही पळवाट पूर्वीच बुजवली आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांविषयीच्या 1979 च्या अधिनियमाने, कंत्राटदाराने वेतन न दिल्यास ते देण्याचा भार मुख्य मालकावर टाकला. संसदेने 2020 च्या संहितेत तो अधिनियम सामावून घेतला. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करावे लागणारे श्रम म्हणजे संविधानाच्या 23व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठ होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम-मजुरांच्या प्रकरणात दिला.

कायदा आहे, तो फडापर्यंत पोहोचवणारी माणसे हवीत. आपणांपैकी जे कारखान्याचे सभासद असतील, त्यांनी वार्षिक सभेत तोडणीच्या मजुरीचा हिशेब विचारावा. वकिलांनी उचलीचे कागद कामगारांना वाचून, समजावून द्यावेत. शिक्षकांनी कोपीतल्या मुलाला दाखल्याची वाट न पाहता वर्गात बसवावे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचा त्यांना आधार आहे. आणि या ग्रंथालयाने हंगामापुरती एक पुस्तकपेटी कोपींवर न्यावी, एवढी माझी विनंती आहे.

सीमाभागात आपण भाषेच्या हक्कासाठी दीर्घकाळ झगडत आलो. तीच भाषा बोलणारे मूल शाळेऐवजी फडात बसलेले असताना आपण मौन पाळले, तर आपला तो आग्रह पोकळ ठरेल.